हेलिकॉप्टर : शब्द नेमका कुठे तोडायचा?

प्रश्न असा आला आहे : हेलियमचं नाव सूर्यावरून पडलं, मग हेलिकॉप्टरमधला 'हेलि' तोच का? आणि 'कॉप्टर' म्हणजे उडणारं यंत्र, बरोबर ना?

पहिल्याचं उत्तर, नाही. हेलियम आलं ग्रीक 'हेलिऑस'वरून, म्हणजे सूर्य. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात त्याची रेघ सापडली, म्हणून ते नाव. हेलिकॉप्टरच्या मुळाशी आहे 'हेलिक्स', म्हणजे मळसूत्र. डीएनएच्या 'डबल हेलिक्स'मधला तोच. समासात त्याचं 'हेलिको' होतं. पुढे 'प्टेरॉन', म्हणजे पंख. तेव्हा तोड अशी : हेलिको + प्टर. मळसूत्री पंखाचं यंत्र! गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर या फ्रेंच माणसाने १८६१ साली हा शब्द घडवला. इंग्रजीने तो तिथून उचलला. आणि हा 'प्टेर' आपल्याला परका नाही. संस्कृतातल्या 'पत्' धातूचा तो सख्खा नातलग. 'पतत्र' म्हणजे पंख, 'पतंग' म्हणजे उडणारा.

मग 'कॉप्टर' कुठून आलं? कानामुळे. 'प्ट'ने शब्द सुरू करणं इंग्रजी जिभेला जमत नाही; 'टेरोडॅक्टिल' (नामशेष झालेला एक उडणारा सरीसृप) इंग्रजीत लिहिताना पुढे 'पी' असतो, पण तो कुणी उच्चारत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याने शब्द हेलि-कॉप्टर असा तोडला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही तोड चूकच. पण त्या चुकीच्या तुकड्यांना पालवी फुटली. 'हेलि' घेऊन हेलिपॅड, हेलिपोर्ट झाले. 'कॉप्टर' घेऊन क्वाडकॉप्टर, म्हणजे लग्नात डोक्यावर घोंगावणारा चार पंख्यांचा ड्रोन. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मनापासून 'हो' असं देईन. अर्थ असलेल्या, आणखी न तुटणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याला भाषाविज्ञानात रूपिम म्हणतात, आणि तो ठरतो आज बोलणाऱ्यांच्या वापरावरून. आजच्या इंग्रजीत 'कॉप्टर'ला स्वतःचा अर्थ आहे. 'बर्गर'चंही तसंच. हॅम्बुर्ग शहरावरून हॅम्बर्गर. त्यातून 'बर्गर' सुटा झाला आणि चीजबर्गर, व्हेजबर्गर आले. 'हॅम' म्हणजे डुकराचं मांस, त्यामुळे तोड तिथेच आहे असं वाटणं साहजिक होतं.

हे इंग्रजीचंच वैशिष्ट्य समजू नका. ऋग्वेदात वरुणालाही गौरवाने 'असुर' म्हटलं आहे. त्यातला 'अ' नकाराचा नाही. पुढे लोकांना तो नकाराचा वाटला, अ + सुर अशी फोड झाली आणि देव या अर्थाचा 'सुर' जन्माला आला. 'विधवा'ची कथा मला याहून विलक्षण वाटते. लॅटिन 'विदुआ' आणि इंग्रजी 'विडो' हे तिचे सगोत्र. म्हणजे शब्द मुळात अखंड, 'वि' हा उपसर्ग नव्हेच. पण वि + धवा अशी फोड पटली, त्यातून पती या अर्थाचा 'धव' निघाला, आणि त्या 'धव'ला 'स' जोडून आपण आजही म्हणतो तो 'सधवा'.