नोकरी सांभाळून रोज लिहिण्याची सवय कशी लावावी? वहीत लिहावं की मोबाइलवर?

तुम्ही लिहिलंय की रोज एक तास लिहायचं ठरवता, चार-पाच दिवस जमतं आणि मग महिनाभर वही उघडली जात नाही. माझ्या मते चूक त्या एका तासात आहे. हे माप तुमच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं आहे, ते सगळ्यात वाईट दिवसाचं घ्यायला हवं. रात्री साडेनऊला घरी पोचलात, डोकं दुखतंय, त्यात पाहुणे आलेत; अशा दिवशीही जेवढं लिहून होईल तेवढाच रोजचा नेम ठेवा.

नवख्यासाठी हे माप म्हणजे अर्धं पान. साध्या दोनशे पानी वहीच्या पानावर २२-२५ ओळी, ओळीत सहा-सात शब्द, म्हणजे अर्ध्या पानात साधारण ७५ शब्द. दहा-बारा मिनिटांचं काम. इंग्रजी लेखांतला ‘रोज ५०० शब्द’ हा आकडा तसाच उचलू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्या’ हा आपला एकच शब्द, त्याला इंग्रजीत तीन ते पाच लागतात. त्यामुळे आपले ५०० शब्द हे बरंच जास्त लेखन असतं.

दुसरं, वेळ घड्याळाला बांधू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. ‘सकाळी सहाला लिहीन’ हे एका जागरणात मोडतं. ‘पहिला चहा कपात ओतला की वही उघडेन’ हे टिकतं, कारण चहा उशिरा का होईना, होतोच. वही आणि पेन चहाच्या जागीच ठेवा. कपाटातून काढावी लागणारी वही दोन आठवड्यांत कपाटातच राहते.

सवय २१ दिवसांत लागते असं सांगतात, आणि बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस स्वतःला दोष देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा ९६ जणांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक छोटी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची आणि ८४ दिवस नोंद ठेवायची, असा तो होता. ती गोष्ट आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ आला, पण माणसागणिक अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होतं (८४ च्या पुढचे आकडे गणिताने काढलेले). मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. लिहिणं हे जेवणासोबत पाणी पिण्याहून अवघड, म्हणून तीन महिने धरून चाला.

आता खरी अडचण. वही उघडल्यावर ‘आज काय लिहू?’ हा प्रश्न पडला की बारापैकी दहा मिनिटं त्यातच जातात, आणि सवय बहुतेक वेळा इथेच मोडते. त्यामुळे विषय त्या क्षणी शोधायचाच नाही. रविवारी वहीच्या शेवटच्या पानावर दहा विषय लिहून ठेवा, आणि ते मुठीत मावतील एवढे लहान असू द्या. ‘पाऊस’ हा विषय नवख्याला बुडवतो. ‘छत्री बँकेत विसरली, मग पुढची दहा मिनिटं’ हा लिहून होतो. ‘आई’ नको, ‘आई कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्येच कोणी बोललं तर’ असं हवं. नाव, जागा आणि एखादी हालचाल विषयातच असली की पहिलं वाक्य शोधावं लागत नाही.

आणि दररोज मजकूर संपवून उठू नका. पुढचं वाक्य डोक्यात तयार असतानाच थांबा, त्याचे दोन-तीन शब्द लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात होते.

लिहिताना खोडू नका. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर शब्दाखाली रेघ मारा आणि पुढे जा. प्रमाणभाषेच्या धाकाने आपल्याकडे कितीतरी लोक दुसऱ्या ओळीवरच अडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. घरी बोलता तशी भाषा आली तर येऊ द्या. मजकूर वहीच्या उजव्या पानावरच लिहा, डावं कोरं ठेवा. रविवारी आठवड्याचं सगळं वाचा, त्यातला एकच परिच्छेद निवडून डाव्या पानावर नीट करा. सगळं दुरुस्त करायला बसलात तर रविवारची भीती वाटू लागेल.

नोंदीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. त्या दिवसाच्या चौकटीत किती ओळी झाल्या तो आकडा लिहा. अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरी करून लिहायचा. रोज किती पानं झाली याची तो वहीत नोंद ठेवायचा, आणि ‘पान’ या शब्दात पळवाट राहू नये म्हणून एक पान म्हणजे २५० शब्द असं त्याने ठरवलं होतं. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका जुन्या नोकराला तो वर्षाला ५ पौंड जास्त द्यायचा. पाव तासात २५० शब्द हा त्याचा वेग विसरा. त्याची नोंद ठेवण्याची पद्धत तेवढी घ्या.

खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी अर्धं पानच लिहायचं. थकबाकी भरायला गेलात की एक दिवस चुकला तर एक पान, दोन चुकले तर दीड असं ओझं चढतं आणि तिसऱ्या दिवशी वही बंद होते. गणपती, दिवाळी, घरचं लग्न या दिवसांत तीन ओळींचा नेम करा आणि खिशात मावणारी डायरी जवळ ठेवा. माप वाढवायचं ते दोन महिन्यांनी, तेही पाव पानाने. नंतर खाडे वाढू लागले तर मुकाट्याने मागे या.

मोबाइलचं विचारलंत. पहिले तीन महिने वहीच बरी. रोमन अक्षरांतून मराठी टंकताना कीबोर्ड दर शब्दाला तीन पर्याय दाखवतो आणि नजर मजकुरावरून हटते. वरून सूचनाही वाजत राहतात. प्रवासात मोबाइलशिवाय इलाजच नसेल तर एअरप्लेन मोड लावा आणि साध्या नोट्समध्ये लिहा. बोलून लिहायची सोय वापरलीत तर विरामचिन्हं आणि जोडाक्षरं त्याच दिवशी तपासा. आठवड्याने वाचताना आपण नेमकं काय म्हणालो होतो ते आठवत नाही.