तुरुंगातील अनोळखी बंद्याशी पत्रमैत्री करायची असल्यास सांगलीतून सुरुवात कशी करावी?

पत्रमैत्री जरूर करावी, मात्र नातेवाईक नसलेल्या व्यक्तीने प्रथम कारागृह अधीक्षकांना साधा लेखी अर्ज देऊन परवानगी विचारावी. सांगलीच्या जिल्हा कारागृहात प्रामुख्याने न्यायाधीन, म्हणजे आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, ते असतात. दीर्घ शिक्षा झालेले बंदी कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात ठेवले जातात, त्यामुळे दीर्घकाळ टिकणारा पत्रव्यवहार तिकडेच अधिक शक्य होतो.

पत्र तुरुंगाधिकारी उघडून वाचतात, हे गृहीत धरूनच लिहावे. पत्त्यावर बंद्याचे पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक स्वच्छ अक्षरात लिहावा. खटल्याविषयी, विशेषतः न्यायाधीन बंद्याला, काहीही विचारू नये. पैशांचे किंवा वकील मिळवून देण्याचे आश्वासन तर कधीच देऊ नये, कारण आत बसलेला माणूस त्या एका ओळीवर महिनोन्‌महिने आस लावून बसतो.

मग लिहावे तरी काय? आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आले, शाळू कापणीला आला का, हळदीला काय दर निघाला, एवढेही पुरते. ज्याला वर्षभर शिवार दिसलेले नाही, त्याच्यासाठी हे मोठे असते, असे मला मनापासून वाटते. बंद्यावर विश्वास टाकण्याचा विचार आपल्या मातीला नवा नाही: औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली, म्हणजे तुरुंगाच्या भिंतींशिवायची, वसाहत उभी केली होती.

उत्तर उशिरा आले, तरी पुढचे पत्र ठरल्या वेळी टाकावे.