कार्डिओचा कंटाळा येतो? मंगळागौरीच्या तालमीला जाऊन बघा

तुम्ही लिहिलंय, "वय ३४, दिवसभर बसून काम, डॉक्टरांनी कार्डिओ सुरू करायला सांगितलंय. पण ट्रेडमिलवर चढले की दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. कानात गाणी लावून झाली, समोर मालिका लावून झाली. मजा येईल असा कार्डिओ कोणता?"

आधी ट्रेडमिल सोडा. कंटाळा येतो तर येतो, त्यात तुमच्या जिद्दीचा काही प्रश्न नाही. समोरच्या भिंतीकडे बघत उरलेली मिनिटं मोजण्यात रमणारी माणसं असतात, आमच्या घरातही एक आहेत. पण सगळ्यांनी तसंच रमावं हा हट्ट कशासाठी?

माझं उत्तर फुगडी. आणि फुगडीसोबत झिम्मा, पिंगा, कोंबडा, मंगळागौरीचे सगळेच खेळ.

माझं वय ५२, राहते डोंबिवलीत, नोकरी बँकेत. आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. श्रावणात कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेतो आणि बहुतेक जणी नोकरीवाल्या असल्यामुळे मंगळवारची मंगळागौर शनिवार-रविवारीही होते. तालीम मात्र आम्ही वर्षभर ठेवतो. गणपती झाले की खेळ बंद, असं केलं तर पुढच्या आषाढात पहिल्याच झिम्म्याला धाप लागते.

ज्यांनी फुगडी फक्त लग्नघरात दोन मिनिटं घातली आहे, त्यांना तिच्यातली मेहनत कळलेली नसते. हातांची अढी घालायची, पायांचे चवडे एकमेकींच्या चवड्यांना भिडवायचे, कोपरं सरळ ठेवायची आणि अंग पूर्ण मागे झोकून द्यायचं. तुमचा भार समोरचीवर, तिचा तुमच्यावर. पावलं अगदी बारीक आणि भरभर. नजर समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवायची, भिंतीकडे गेली की गरगरलंच. थांबतानाही एकदम थांबायचं नाही, वेग उतरवत आणायचा. तालमीत काचेच्या बांगड्या आम्ही काढूनच ठेवतो, कारण पकड घट्ट लागते आणि बांगडी फुटली तर दोघींचे हात कापतात.

बसफुगडी आणखी कठीण. उकिडवं बसून एकेक पाय आळीपाळीने पुढे फेकायचा, तोही तालात. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं जाणाऱ्या एका मुलीला आमच्या तालमीत मी हे करायला लावलं. एक कडवं संपायच्या आत तिच्या मांड्या भरून आल्या आणि ती खाली बसली. तिथेच बाजूला साठीच्या एक काकू गाणं म्हणत होत्या. पुढच्या खेळाला त्याच पदर खोचून उठल्या.

आता घरातल्या त्या एका माणसाबद्दल, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिली आठवण त्यांचीच झाली. माझे धाकटे दीर पळतात. मॅरेथॉनची पदकं आहेत आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण आमच्या तालमीचा विषय निघाला की म्हणणार, "वहिनी, हे खेळ झाले. कार्डिओ म्हणजे ठोके एका झोनमध्ये सलग टिकले पाहिजेत. तुम्ही दोन मिनिटं नाचता आणि पाच मिनिटं हसता."

मी त्यांचं घड्याळ मागून घेतलं आणि तालमीला बांधून गेले. आकडे भरपूर वर गेले. भावोजी म्हणाले, मनगट आवळल्यावर घड्याळ चुकीचं दाखवतं. ते बरोबर आहे. ही घड्याळं त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजतात आणि फुगडीसारख्या घट्ट पकडीत ते मोजमाप बिघडतं. मग पुढच्या तालमीत घड्याळ बाजूला ठेवलं. फुगडी सुटल्या सुटल्या मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंदांचे ठोके मोजले. ३६ भरले, म्हणजे मिनिटाला १४४. २२० मधून वय वजा करायचा जो ढोबळ हिशोब आहे, त्यानुसार माझी कमाल मर्यादा १६८. म्हणजे ८५ टक्क्यांच्या थोडं वर. हा जोरकस व्यायाम नाही तर काय आहे?

त्यावर उत्तर आलं, "पण सलग नाही ना." आणि इथे मी भावोजींचं अजिबात ऐकून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या शिफारशीत व्यायाम एका वेळी किमान दहा मिनिटं सलग असावा अशी अट होती. २०२० साली सुधारित सूचना आल्या, त्यात ती अट काढून टाकली. आता प्रौढांसाठी सांगितलंय ते असं: आठवड्याला मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोरकस व्यायाम ७५ ते १५० मिनिटं, किंवा दोन्हींचं मिश्रण. तुकड्यातुकड्यांनी केलेलंही त्यात धरलं जातं. दोन मिनिटं जोरात, मग थोडा दम खायचा, पुन्हा जोरात, हे तर पळणारेसुद्धा मुद्दाम करतात आणि त्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. आमच्या आज्या अंगणात करायच्या तेव्हा ते "बायकांचे खेळ" होते, एवढाच फरक.

घड्याळ नको असेल तर साधी खूण आहे. मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाता येत नाही. जोरकस व्यायामात दोन-चार शब्दांपुढे बोलणंही जमत नाही. आमच्या ग्रुपमध्ये गाणाऱ्या जणी कडेला वेगळ्या उभ्या असतात ते याचसाठी. फुगडीत असलेली बाई गाऊ शकत नाही. दर दोन खेळांनी जागा बदलतात, म्हणजे प्रत्येकीला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि कार्यक्रम न थांबता दीड तास चालतो.

आणि कंटाळ्याचं म्हणाल तर तो यायला सवडच नसते. पुढचं कडवं कुणी उचलायचं, टाळी कुणाच्या हातावर द्यायची, गोलात डावीकडे वळायचं की उजवीकडे, सगळं लक्ष तिथे असतं. आपण किती मिनिटं करतोय हे बघायला कुणी मान वर करत नाही. शिवाय तुम्ही आला नाहीत तर जोडी मोडते, म्हणून समोरचीचा फोन येतो. ट्रेडमिल फोन करत नाही. मला वाटतं व्यायाम टिकण्याचं खरं कारण हे दुसरं माणूस आहे आणि एकट्याने पळणाऱ्यांना ते पटवून देणं फार अवघड जातं. माझी धाकटी जाऊ नवऱ्याबरोबर पळायला जाऊन कंटाळली होती. ती आता आमच्यात पिंगा घालते आणि तालीम चुकवत नाही. भावोजींनी निदान त्यावरून तरी मान्य करावं.

तुम्हाला मंगळागौर नकोच असेल तर बॅडमिंटन दुहेरी खेळा, लेझीम पथकात जा, दोरीच्या उड्या मारा, रविवारी मैत्रिणींबरोबर एखादा गड चढा. कोकणातल्या असाल तर गौरी-गणपतीत गावी फुगड्या असतातच, गोव्यातही चवथीला असतात. पोहणं उत्तम, पण तलावाच्या वेळा नोकरीवाल्या बाईला जमत नाहीत हा माझा अनुभव. हडगा-भोंडला छान असतो, पण त्या फेराने दम लागत नाही, त्याला कार्डिओ म्हणू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गुडघे दुखत असतील तर बसफुगडी करू नका, झिम्मा आणि पिंग्यावर थांबा. चक्कर येण्याचा त्रास असेल, गरोदर असाल, तर फुगडीच्या वाटेला जाऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके वाढतच नाहीत, अशांनी वर दिलेला २२० चा हिशोब धरू नये. तुमच्या डॉक्टरांनी कार्डिओ कशासाठी सांगितलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा जोरकस प्रकार चालेल का हे त्यांना एकदा विचारून घ्या. जोडीदारीण साधारण आपल्याच वजनाची निवडा. फरशी ओली नको, पायात मोजे नकोत. पहिले काही आठवडे साडी नेसून खेळू नका, पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधली की पुरते.

ग्रुप शोधायचा तर सोसायटीतल्या किंवा जवळच्या महिला मंडळात विचारा. ज्येष्ठ संपता संपता तालमी सुरू होतात आणि तेव्हा प्रत्येक ग्रुपला दोन-तीन जणी कमीच पडत असतात. गाणी पाठ नाहीत म्हणून अडून बसू नका, पहिले काही दिवस फक्त टाळीला उभ्या राहा.