"शिकवण्यात माझा रिसर्च बुडाला"

कॉलेजात नोकरी लागली आणि रिसर्च संपला, हे वाक्य मी पुण्यात इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं कळतं. मागच्या वर्षी माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एक मॅडम मायक्रोबायोलॉजी शिकवतात, पीएचडी झालेली (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). बॅचच्या मैत्रिणी पाषाणला, एक आयसरमधे एक एनसीएलमधे (दोन्ही मोठ्या संशोधन संस्था), त्यांचे पेपर लिंक्डइनवर दिसले की ह्यांचा अख्खा दिवस खराब. म्हणाल्या, "मी नुसती आगर ओतणारी बाई झालेय." (आगर म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची जेली.)

टाइम मॅनेजमेंटचे चार्ट मी देत नाही, मला त्यांचा वैतागच येतो. म्हटलं आठवडाभर नुसतं लिहून ठेवा, कुठला तास कुठे गेला ते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवणं आहे, ह्यांचं तेवढंच भरलं. बाकी सगळं नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली, अ‍ॅडमिशन कमिटी, आणि बुधवारच्या प्रॅक्टिकलसाठी बॅक्टेरिया वाढवायचं मीडियम बनवणं, कारण लॅब असिस्टंटची जागा रिकामी, आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचा मोठा कुकर, पुस्तकात 121 डिग्रीला 15 मिनिटं असतो हो, पण तापण्या-निवण्यासकट दीड तास तिथून हलता येत नाही.

तर वेळ नाही हे खरंच होतं. पण दुसऱ्या भेटीत त्यांनी लॅपटॉप उघडला, "पेपर 3 फायनल" नावाची फाइल, 14 महिने हात न लावलेली. मुळा-मुठेच्या पाण्यातले बॅक्टेरिया, तीन सीझनचा डेटा, एमएस्सीच्या पोरांनी पायात गमबूट घालून गोळा केलेला, सगळा तयार. मग अडलं कुठे? बराच वेळ गप्प बसल्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मग, "मैत्रिणी हसतील हो. असलं काम तिकडे कोण करतं?"

तुम्हालाही "वेळच नाही" वाटत असेल तर अशी एखादी फाइल शोधा, मला बऱ्याच जणांकडे सापडते.

तिसऱ्या पेपरचं महत्त्व त्यांनीच मला सांगितलं, यूजीसीच्या 2022 च्या नियमाने पीएचडी गाईड व्हायला असिस्टंट प्रोफेसरचे किमान तीन पेपर लागतात, ह्यांचे दोन. गुरुवारी दुपारी 2 ते 5 कमिटीचं काम घेणार नाही, असं त्या प्रिन्सिपॉल सरांना लेखी देऊन आल्या. सरांचं तोंड वाकडं झालं म्हणे, पण सही केली.

गेल्या महिन्यात मेसेज आला, "पेपरला मेजर रिव्हिजन आलंय, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवायचाय. आणि ऑटोक्लेव्हचं रबर गेलं, सो या गुरुवारी मी पूर्ण मोकळी."