वाचक विचारतात : जाहिरातीची सरकारी पोस्टकार्डे

प्रश्न : आजोबांच्या कागदपत्रांत पाव आण्याचे एक पोस्टकार्ड सापडले. पाठीमागे कापडाच्या पेढीचे नाव आणि भाव छापले आहेत. हे सरकारने काढलेले जाहिरात-कार्ड म्हणायचे का?

उत्तर : नाही. कार्ड सरकारी आहे, जाहिरात खासगी आहे. भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. त्याची पाठ कोरी असे. व्यापारी अशी कार्डे गठ्ठ्याने विकत घेत आणि छापखान्यात स्वतःच्या खर्चाने नाव, बाजारभाव, माल पोचल्याची सूचना छापून घेत. भिंगाखाली फरक सहज कळतो. तिकीट आणि सरकारी मथळा एका शाईत, एका ओळंब्यात असतो. पेढीचा मजकूर वेगळ्या शाईत आणि बरेचदा किंचित तिरका असतो. टाइपाचा दाब दुसऱ्या बाजूने बोटाला लागतो.

टपाल खात्याने स्वतः छापलेली जाहिरात बहुधा पत्त्याच्या बाजूला, तिकिटाच्या डावीकडे किंवा खालच्या डाव्या कोपऱ्यात असते. म्हणून आधी पत्त्याची बाजू पाहा. तिकीट चिकटवलेले नसून कार्डावरच छापलेले आहे ना, हे तपासा. याला मोठा अपवाद युद्धकाळातल्या लष्करी कार्डांचा. सैनिकांचे टपाल मोफत असल्याने त्यांवर तिकीटच नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन लष्करी कार्डांवर मुसोलिनीची वचने छापलेली आढळतात, तर सोव्हिएत कार्डांवर ‘जर्मन आक्रमकांना मृत्यू!’ ही घोषणा. तिथे तिकीट शोधत बसू नका. लष्करी टपालाचा मथळा, टपाल-ठाण्याचा क्रमांक आणि सेन्सॉरचा शिक्का हीच ओळख.

प्रश्न : सरकारने पोस्टकार्डावरची जागा विकायला सुरुवात केव्हा केली?

उत्तर : पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रियात १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. पत्त्याची बाजू तेव्हा फक्त पत्त्यासाठी राखीव होती. तो नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैल झाला. पहिल्या महायुद्धानंतर सरकारांना पैशाची चणचण होती आणि डावीकडची ती मोकळी जागा डोळ्यांसमोर होतीच. इटलीने युद्ध संपताच जाहिरातवाली कार्डे काढली. जर्मन टपाल खात्याने १९२५ पासून गावांची, आरोग्यस्थळांची छोटी चित्रे छापायला घेतली.

यात सर्वांत चिकाटीचा प्रयोग बेल्जियमचा. १९३३ पासून तिथल्या सरकारी कार्डांच्या खालच्या डाव्या भागात जाहिरात येऊ लागली. ‘पब्लिबेल’ या कंपनीला त्याचा मक्ता होता आणि कार्डावर तिचे नाव व अनुक्रमांक छापला जाई. हा क्रमांक संग्राहकाला फार उपयोगी, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. एकाच जाहिरातीचे कार्ड कधी फक्त फ्रेंचमध्ये, कधी फक्त डचमध्ये, तर कधी दोन्ही भाषांत निघे. दोन्ही असतील तर वर कोणती भाषा आहे, यावरूनही प्रकार बदलतो. दुबार म्हणून कार्ड देऊन टाकण्याआधी मथळा ओळीओळीने ताडून पाहा.

प्रश्न : साधे पोस्टकार्ड ५० पैशांना असताना मेघदूत पोस्टकार्ड २५ पैशांना कसे परवडत होते?

उत्तर : उरलेला भार जाहिरातदार उचलत होता. २००२ मध्ये मेघदूत, म्हणजे भारतीय टपाल खात्याचे जाहिरात छापलेले स्वस्त कार्ड, आले तेव्हा जाहिरातीचा दर कार्डामागे २ रुपये होता आणि किमान मागणी १ लाख कार्डांची. म्हणजे छोट्या दुकानदाराच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती. त्यामुळेच मेघदूतवर सरकारी खात्यांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे संदेश इतके दिसतात. जाहिरात पत्त्याच्या बाजूला असल्याने लिहिणाऱ्याला मजकुरासाठी फक्त मागची बाजू उरे. साधे पोस्टकार्डही टपाल खाते तोट्यातच विकत होते, हे लक्षात घेतले की मेघदूतमागचा हिशेब पटतो.

जपानने हाच मार्ग १९८१ मध्ये धरला होता. तिथे पत्त्याच्या बाजूच्या खालच्या भागात जाहिरात छापून ४० येनचे कार्ड ३५ येनला विकत.

मेघदूत जमवत असाल तर कोऱ्या कार्डाइतकेच वापरलेले कार्डही ठेवा. त्यावरचा शिक्का, तारीख आणि गाव यांवरून कोणता संदेश कुठवर पोचला ते कळते. कोऱ्या कार्डाकडून ते कधीच कळणार नाही.

प्रश्न : सोव्हिएत प्रचारकार्ड विकत घेतोय. ते अस्सल आहे का, हे कसे ठरवायचे?

उत्तर : सोव्हिएत टपाल खात्याची ही कार्डे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची. उद्योगीकरणाचे कर्जरोखे घ्या, बचत बँकेत पैसे ठेवा, विमा उतरवा, भंगार गोळा करा, असे त्यांचे विषय. खरे सांगायचे तर यांतला प्रत्येक संदेश सरकारला त्या वेळी कशाची निकड होती ते दाखवतो; लोक ते करत होते की नाही, याचा पुरावा तो नव्हे. १९३२-३३ च्या दुष्काळातली कार्डे वाचताना हे विसरू नये.

तीन गोष्टी तपासा. एक, तळाची बारीक ओळ. छापखाना, क्रमांक आणि प्रतींची संख्या तिथे दिलेली असते. विकणारे अनेकदा फक्त चित्राचा फोटो पाठवतात, तेव्हा ही ओळ वाचता येईल असा फोटो मागून घ्या. दोन, कागद. अंधारात अतिनील दिव्याखाली धरल्यावर कार्ड निळसर पांढरे चमकले तर कागदात चमक आणणारे रसायन आहे. असा कागद साधारण १९५० नंतरचा. तीन, दहापट भिंगातून चित्राचा सपाट रंग. जिथे एकसंध शाई हवी तिथे चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसली, तर जुन्या चित्राची ती अलीकडची नक्कल समजा. शिक्का असेल तर त्याची तारीख छपाईनंतरची हवी, आणि शाई कागदात मुरलेली हवी.

प्रश्न : कार्डे लॅमिनेट केली तर चालतील का?

उत्तर : मुळीच नको. उष्णतेने चिकटलेला थर पुन्हा निघत नाही, आणि निघाला तर सोबत शाई घेऊन येतो. पीव्हीसीच्या पिशव्याही टाळा. त्यांतून सुटणारी द्रव्ये कार्डाला चिकटपणा आणतात, शाई पसरवतात. पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट घ्या आणि कार्डे उभी ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहा. त्याहून दमट जागेत बुरशी धरते आणि कसर लागते. जुना सेलोटेप ओढून काढू नका. पिवळा डाग राहिला तरी चालेल, पण ओढताना पत्त्याच्या बाजूचा पापुद्रा निघाला तर जाहिरातच जाते.