सॉल्व्हंट गोडाऊनचा पंखा आणि दार: नव्या सेफ्टी ऑफिसरसाठी

अभिनंदन! पहिल्या महिन्यात गॅस डिटेक्टरच्या कॅटलॉगात डोकं घालू नकोस, एवढंच बघ.

- टोल्युइन या सॉल्व्हंटची वाफ हवेच्या तिपटीहून जड, जमिनीलगत पसरते; ४ अंशालाही पेटू शकते. एक्झॉस्टची जाळी जमिनीपासून वीतभरच वर हवी. छताजवळचा पंखा नुसता गरगरतो. पंख्याची मोटर फ्लेमप्रूफच, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही अशी.

- बाहेरची हवा आत यायला झरोका ठेव. तो नसेल तर खोलीतली हवा खेचली जाऊन आतला दाब कमी होतो आणि बाहेर उघडणारं दार चिकटल्यासारखं बसतं. पंखा चालू ठेवून एका हाताने ढकलून बघ. खांदा लावावा लागला तर झरोका अपुरा.

- फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार, उघडं राहावं म्हणून त्याला ड्रम टेकवलेला दिसेलच. (आमच्याकडे वीट असायची.) ओरडू नकोस, आधी क्लोजर (दार आपोआप मिटवणारा भाग) किती कडक आहे ते तपास. आत माणूस असताना बाहेरून कडी मात्र कधीच नाही.

डक्टचं गणित नंतर.