संगणक-शंका : जुने संकेतस्थळ, नवा लॅपटॉप

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी २००५ साली फ्रंटपेज २००३ या प्रोग्रॅमवर तयार केले. साठ-पासष्ट पाने आहेत आणि नव्या पुस्तकांची यादी मी दरमहा त्यात भरतो. आजवर हे काम विंडोज ७ च्या संगणकावर चालले होते. आता मुलाने विंडोज ११ चा लॅपटॉप आणून दिला आहे. त्यावर हा प्रोग्रॅम चालेल का? की सगळे नव्याने शिकावे लागेल? वय अडुसष्ट आहे, म्हणून विचारतो.

उत्तर : फ्रंटपेज २००३ हा ३२ बिटचा प्रोग्रॅम आहे (बिट म्हणजे संगणक एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचे माप). विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळत असली, तरी ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय तिच्यात कायम ठेवलेली आहे, त्यामुळे आपला प्रोग्रॅम साधारणपणे चालतो. ही सोय १६ बिटच्या प्रोग्रॅमना मात्र मिळत नाही. नव्वदच्या दशकातील काही प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असूनही त्यांचा इन्स्टॉलर (प्रोग्रॅम संगणकावर बसवून देणारी फाइल) १६ बिटचा असे. असे प्रोग्रॅम नव्या संगणकावर इन्स्टॉल करतानाच अडतात आणि दोष प्रोग्रॅमचा आहे असा आपला समज होतो. आपल्या आवृत्तीला ही अडचण नाही.

पहिली अडचण बहुधा अगदी साधी असेल : नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणावा आणि त्या सीडीची आयएसओ फाइल (सगळी सीडी एकाच फाइलीत उतरवलेली प्रत) करून पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी. विंडोज ८ पासून अशा फाइलवर दोनदा क्लिक केले की ती सीडीसारखीच उघडते. ठाण्याच्या पावसाळी हवेत कपाटात ठेवलेल्या सीडीवर बुरशीचे ठिपके धरलेले मी पाहिले आहेत, तेव्हा हे काम पुढच्या जूनपर्यंत लांबवू नये.

दुसरी अडचण डोळ्यांची. जुने प्रोग्रॅम नव्या बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर एक तर मुंगीएवढे दिसतात, नाही तर धूसर दिसतात. प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कंपॅटिबिलिटी या भागात जावे, तेथे हाय डीपीआय सेटिंग्जचे बटण दाबून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ हा पर्याय निवडावा. त्याच भागात जुन्या विंडोजच्या नावांची यादीही दिसते, परंतु प्रोग्रॅम नीट चालत असेल तर तिला हात लावू नये.

तिसऱ्या अडचणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तीत माणूस दिवसच्या दिवस घालवतो. कोपरीतील एका परिचितांनी आपल्या संकेतस्थळाचा फोल्डर जुन्या सवयीने प्रोग्रॅम फाइल्समध्येच ठेवला होता. ते जुन्या प्रोग्रॅममध्ये पान बदलत आणि जतन करत. पुन्हा उघडले तरी बदल जागच्या जागी असे. मात्र तोच फोल्डर फाइलझिला या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधून सर्व्हरवर (संकेतस्थळ जेथे ठेवलेले असते त्या संगणकावर) चढवला की संकेतस्थळावर जुनेच पान दिसे. त्यांनी होस्टिंगवाल्याशी, म्हणजे सर्व्हरवर जागा देणाऱ्याशी, दोनदा भांडण केले. खरी गोष्ट अशी होती की, व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज सामान्य वापरकर्त्याला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रॅमने तसा प्रयत्न केला, तर त्याला नकार न देता ती फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या एका आडबाजूच्या फोल्डरात ठेवली जाते. जुन्या प्रोग्रॅमला तीच प्रत दाखवली जाते आणि नव्या प्रोग्रॅमला मूळ प्रत. एकाच नावाच्या दोन फाइली असतात आणि दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर असतात. हा फोल्डर वापरकर्त्याच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात, लोकल या नावाखाली सापडतो. आपण मुळातच संकेतस्थळाचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये किंवा डी ड्राइव्हवर ठेवावा, म्हणजे हा खेळ सुरूच होणार नाही.

आता माझे स्पष्ट मत. जुन्या प्रोग्रॅमवर पाने लिहिण्यास हरकत नाही, पण त्याच्यावरून ती इंटरनेटवर चढवू नयेत. साध्या एफटीपीने (फाइली सर्व्हरवर पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) पासवर्ड उघडा जातो आणि सुरक्षित एसएफटीपी फ्रंटपेजला येत नाही. त्यामुळे पाने संगणकावर जतन करावीत आणि चढवण्याचे काम फाइलझिलावर सोपवावे. चढवताना नावाची सुरुवात _vti अशी होणारे फोल्डर वगळावेत. ते फ्रंटपेजच्या स्वतःच्या नोंदींचे असतात, वाचकाला त्यांचा उपयोग नसतो आणि कधी कधी त्यांत पासवर्डच्या फाइलीही असतात.

पानांवरील भेटींची संख्या दाखवणारा आकडा, शोधाची चौकट आणि अभिप्रायाचा फॉर्म या तीन गोष्टी फ्रंटपेज सर्व्हर एक्स्टेन्शन्स या सर्व्हरवर बसवायच्या जोड-प्रोग्रॅमवर अवलंबून होत्या, आणि आजचे होस्टिंग ती सोय देत नाही. त्या काढून टाकाव्यात. सर्व पानांवर येणारा सामायिक मथळा व तळटीप मात्र चालत राहतील, कारण ती जतन करतानाच पानात भरली जातात.

एवढे करूनही प्रोग्रॅम अडून बसला, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, नकली संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुनी विंडोज बसवून तिच्या आत तो चालवता येतो. त्यासाठी जुन्या विंडोजचा रीतसर परवाना हवा. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून तिचे नेटवर्क बंद ठेवावे आणि फाइलींची ने-आण केवळ सामायिक फोल्डरातून करावी. आपल्याला बहुधा इथपर्यंत जावे लागणार नाही.

आपले प्रत्येक पान ही एचटीएमएल या वेबपानांच्या खुणांच्या भाषेतील साध्या मजकुराची फाइल आहे आणि ती नोटपॅडमध्येही उघडते. पुढच्या महिन्याची यादी एकदा तेथे उघडून पाहावी. एका पुस्तकाच्या ओळीची नक्कल करून नाव बदलणे हे फ्रंटपेजइतकेच सोपे आहे, हे आपल्याला पहिल्या अर्ध्या तासातच कळेल. पाने मोबाइलवर नीट दिसावीत म्हणून व्ह्यूपोर्टची (पान पडद्याच्या रुंदीनुसार दाखवायला सांगणारी) ओळ घालण्याचा सल्ला कुणी देईल, पण ठरावीक रुंदीच्या तक्त्यात मांडलेल्या पानाला नुसत्या त्या ओळीने फरक पडत नाही. त्या तक्त्याची रुंदी टक्क्यांत करावी लागते. आणि जुना संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातील फोल्डरची प्रत दोन ठिकाणी काढली आहे ना, हे कृपया स्वतः उघडून तपासावे.

प्रश्न (वाशी) : माझ्याकडे ड्रीमवीव्हर सीएस३ या ॲडोबीच्या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रोग्रॅमची विकत घेतलेली सीडी व सीरियल क्रमांक आहे. नव्या संगणकावर तो क्रमांक स्वीकारला जातो, परंतु ॲक्टिव्हेशन होत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी निकामी कशी होते?

उत्तर : सीएस३ ही २००७ सालची आवृत्ती आहे. तिला मान्यता देणारे ॲडोबीचे सर्व्हर कालांतराने बंद करण्यात आले, त्यामुळे खरी सीडी व खरा क्रमांक असूनही नवे ॲक्टिव्हेशन होत नाही. कंपॅटिबिलिटी मोडने किंवा व्हर्च्युअलबॉक्सने यावर उपाय होत नाही, कारण अडचण विंडोजची नाहीच. ज्या जुन्या संगणकावर हा प्रोग्रॅम चालू आहे, तो संगणक फॉरमॅट करू नये. ॲक्टिव्हेशन मोडून देणारी म्हणून इंटरनेटवर मिळणारी फाइल तर मुळीच वापरू नये. होस्टिंगचे पासवर्ड ज्या संगणकावर आहेत, तेथे ती धोंड कशाला ओढवून घ्यावी? आपल्या रागाशी मी सहमत आहे, पण काम पुढे न्यायचे तर व्हीएस कोड हा विनामूल्य संपादक पुरेसा आहे. एकच उणीव जाणवेल : टेम्प्लेट्स फोल्डरातील डीडब्ल्यूटी (पानांच्या सामायिक साच्याची) फाइल बदलली की तिच्यावर आधारलेली सर्व पाने ड्रीमवीव्हर आपोआप बदलत असे, आता ते शोधा-आणि-बदला या सोयीने फोल्डरभर करावे लागेल.

प्रश्न (नेरूळ) : आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या संकेतस्थळावरील मराठी सूचना जुन्या संगणकावर नीट दिसतात, पण नव्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा कचरा दिसतो. प्रोग्रॅम नव्या संगणकावर नीट बसला नाही का?

उत्तर : प्रोग्रॅम नीटच बसला आहे, फक्त नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या काळातील मराठी फॉन्टमध्ये संगणक साठवतो ती अक्षरे रोमनच असतात, फॉन्ट त्यांच्यावर केवळ देवनागरीचा वेश चढवतो. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पानासोबत फॉन्ट पाठवण्याची सोय होती. ती इतर ब्राउझरांनी स्वीकारली नाही आणि एक्सप्लोररही २०२२ साली निवृत्त झाला. लॅपटॉपवर तो फॉन्ट बसवला तर आपल्याला पान वाचता येईल, पण सभासदाच्या मोबाइलवर कचराच राहील. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याला पर्याय नाही.

रूपांतर करणारी साधने मिळतात, त्या त्या फॉन्टसाठी असलेलेच साधन वापरावे आणि नंतर डोळ्यांनी तपासावे. चूक कुठे होते ते ‘वार्षिक’ या शब्दावरून कळेल. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो त्या क्रमाने टाइप केलेला असतो : व, काना, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ष, त्यावर रफार आणि शेवटी क. युनिकोडमध्ये मात्र आपण उच्चारतो तो क्रम लागतो, म्हणजे रफाराचा र् हा ष च्या आधी आणि वेलांटी ष च्या नंतर. साधन या उलटापालटीत चुकले की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरी चूक खास मराठीची आहे. ‘दुसऱ्या’मधील र चे आडवे रूप कित्येक साधनांना ठाऊक नसते आणि ती ‘दुसर्या’ असे लिहून मोकळी होतात. येथे ‘सर्वत्र बदला’ हे बटण दाबण्याचा मोह होईल, पण तसे केल्यास ‘कार्यालय’ आणि ‘कार्यकारिणी’ या शब्दांचीही वाट लागेल. एकेक शब्द पाहूनच बदलावा.

त्यानंतर पान यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या प्रकारात जतन करावे, पानाच्या सुरुवातीला तसा उल्लेख आहे हे पाहावे आणि मजकुरातून जुन्या फॉन्टचे नाव काढून टाकावे. ते राहिले तर ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट अजून आहे, त्याचे पान वेगळेच दिसू शकते. तपासणी आपल्या लॅपटॉपवर करून उपयोग नाही, कारण तेथे आपण एव्हाना तो फॉन्ट बसवलेला असेल. गेटवरील रखवालदाराच्या मोबाइलवर सूचनेचे पान उघडून ते मोठ्याने वाचून घ्यावे.